स्टेअरिंग सुटल्यावर घर कशावर चालायचं?

 

आज आपण बोलणार आहोत ट्रक ड्रायव्हरच्या म्हातारपणाबद्दल. त्याच्या एकट्याच्या नाही, त्याच्या घराच्या. आपला भाग मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेचा. पिंपळगाव-लासलगावचा कांदा, टोमॅटो, द्राक्षं घेऊन जाणाऱ्या गाड्यांवर आपल्याच गावांतली माणसं आहेत. गटाची माहिती भरताना ‘पतीचा व्यवसाय’ या रकान्यात शेतीच्या खालोखाल मी ‘ड्रायव्हर’ हाच शब्द लिहिते.

मध्यंतरी एका बैठकीत दोन जावांची यावरून चांगलीच जुंपली. दोघींचेही घरधनी ट्रकवर. थोरली म्हणाली, “पेन्शन लावून टाकावी. महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, कुणापुढे हात पसरायला नको.” धाकटी म्हणाली, “साठीनंतरचं कुणी पाहिलंय? आपला पैसा आपल्या हाताशी पाहिजे. अडचण काय साठ वर्षं थांबते का?” मी दोघींचंही ऐकलं. दोघींच्याही बोलण्यात तथ्य होतं. म्हणून आज दोन्ही बाजू नीट मोजून बघू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ड्रायव्हरचं काम मास्तरासारखं किंवा तलाठ्यासारखं नसतं. पगार कमी, भत्ता आणि खेपेचे पैसे जास्त. मार्चमध्ये द्राक्षाला गाड्या कमी पडतात आणि पावसाळ्यात गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहते. घरात लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, की शेठकडून उचल घ्यायची आणि ती पुढच्या खेपांतून कापली जायची. पगाराची चिठ्ठी बहुतेकांनी पाहिलेलीच नसते.

दुसरं, शरीर. रात्रीचं जागरण, ढाब्यावरचं खाणं, तासन् तास एका जागी बसणं. कंबर जाते, शुगर लागते, नजर मंदावते. मालवाहू गाडीचं लायसन दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. नजरेने दगा दिला की लायसन अडतं. माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या घरी हेच झालं. काका बावन्न वर्षांचे. शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली आणि गाडी सुटली. सत्तावीस वर्षं स्टेअरिंगवर काढली, पण हातात ना फंड, ना पेन्शन, ना पासबुकात शिल्लक. आज काकू द्राक्षबागेत विरळणीला जातात आणि काका गोडाऊनवर रात्रीची राखण करतात.

या घरावरून खरा प्रश्न समजतो. पेन्शन सुरू होते अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी. ड्रायव्हरची गाडी मात्र बऱ्याचदा पन्नास-पंचावन्नला सुटते. मधली पाच-दहा वर्षं कशावर काढायची? आणि साठीनंतर पंधरा-वीस वर्षं जगलो तर कशावर? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आता पेन्शनकडे बघू. सगळ्यात आधी विचारायचं ते प्रॉव्हिडंट फंडाचं, म्हणजे पीएफचं. ज्या ट्रान्सपोर्टकडे वीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत, त्याला पीएफचा कायदा लागू होतो. त्यात ड्रायव्हरच्या पगारातून १२ टक्के कापतात आणि तेवढेच मालक घालतो. पगार १५ हजार धरला तर ड्रायव्हरचे १,८०० आणि मालकाचे १,८००. मालकाच्या वाट्यातले १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात, बाकी सगळे फंडात जमतात. म्हणजे पीएफमध्ये बचत आणि पेन्शन दोन्ही आहेत, आणि निम्मा भार मालकावर आहे. असा सौदा दुसरीकडे मिळत नाही.

या पेन्शनचा हिशोब सोपा आहे. पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १५ हजार पगारावर वीस वर्षं भरली तर महिन्याला सुमारे ४,२८५ रुपये. दहा वर्षं भरली तर २,१४० च्या आसपास. पण दहा वर्षं पूर्ण झाली पाहिजेत. आपली माणसं इथेच चुकतात. चार वर्षं एका शेठकडे, मग दुसरीकडे, आणि प्रत्येक वेळी फंड काढून खर्च. तसं करू नका. मालक बदलला तरी बारा आकडी यूएएन नंबर तोच ठेवायचा आणि जुनं खातं नव्याला जोडून घ्यायचं, म्हणजे वर्षांची बेरीज होते.

आणखी एक गोष्ट बायकांनी पक्की ध्यानात ठेवावी. नोकरीत असताना सभासद वारला तर विधवेला पेन्शन मिळते, आणि त्याला दहा वर्षांची अट नाही. आमच्या एका ग्रामसंघातल्या ताईचे पती अपघातात गेले. ते एका ट्रान्सपोर्टकडे तीनच वर्षं होते. तिला वाटत होतं, आपल्याला काही मिळणार नाही. त्यांच्या पाकिटातल्या जुन्या कागदांत यूएएन नंबर सापडला, आम्ही अर्ज केला, आणि तिला पेन्शन सुरू झाली. तो कागद चुलीत गेला असता तर पेन्शनही गेली असती.

इथे एक विरोधाभास सांगते. आपल्या महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आहे. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, लढा दिला, त्यातून हा कायदा आला. त्यामुळे मंडळात नोंद असलेल्या माथाडीला फंड आहे, ग्रॅच्युइटी आहे. म्हणजे त्याच ट्रकमध्ये गोणी चढवणाऱ्याला फंड असतो आणि तो ट्रक हजार किलोमीटर नेणाऱ्याला बऱ्याचदा नसतो. हमालांना ते कुणी आपण होऊन दिलं नाही, त्यांनी मागितलं. तेव्हा आपल्या घरच्यांनीही शेठला निदान विचारावं, “माझा पीएफ भरता का? नंबर द्या.” काही ठिकाणी पगारातून पैसे कापतात आणि खात्यात मात्र भरत नाहीत. म्हणून पासबुक मोबाईलवर किंवा सेवा केंद्रात काढून दर तीन महिन्यांनी बघा.

दोन-चार गाड्या असलेल्या मालकाकडे पीएफ लागू नसतो, आणि आपली बहुतेक माणसं अशाच ठिकाणी आहेत. त्यांच्यासाठी दोन मोठ्या योजना आहेत.

पहिली अटल पेन्शन योजना, २०१५ सालची. वय १८ ते ४०, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं, आणि आयकर भरणारा नको. साठीनंतर महिन्याला १ हजार ते ५ हजार रुपये, जेवढे आपण ठरवू तेवढे, नक्की. ५ हजारांच्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७, पस्तिसाव्या वर्षी ९०२ आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४. उशीर किती महाग पडतो ते या आकड्यांतच दिसतं. नवरा वारला तर बायकोला तेवढीच पेन्शन चालू राहते, आणि दोघांनंतर जमलेली रक्कम वारसाला मिळते. हप्ता दर महिन्याला झेपत नसेल तर तिमाही किंवा सहामाही ठेवता येतो. खेपेवर जगणाऱ्या घराला ते बरं पडतं, फक्त त्या तारखेला खात्यात पैसे हवेत.

दुसरी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन, २०१९ सालची. वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत, पीएफ नसलेला माणूस. तिसाव्या वर्षी १०५ रुपये, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये महिना भरायचे आणि तेवढेच सरकार घालतं. साठीनंतर ३ हजार रुपये पेन्शन. हप्ता खूपच कमी आहे. पण नवऱ्यानंतर बायकोला निम्मीच, म्हणजे दीड हजार मिळते, आणि दोघांनंतर मुलांना काही नाही. नोंदणीच्या आधी चालू नियम सेवा केंद्रात विचारून घ्या.

ही झाली थोरल्या जावेची बाजू. आता धाकटीची.

पेन्शनचे पैसे साठीपर्यंत अडकून राहतात. बावन्नाव्या वर्षी गाडी सुटली तर ते कामाला येत नाहीत. मधेच बंद केलं तर भरलेले पैसे आणि त्यावरची कमाई तेवढी परत मिळते, पेन्शन जाते. शिवाय महागाई. आज तीस वर्षांच्या माणसाला तीस वर्षांनी ५ हजार मिळतील. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर त्या ५ हजारांत आजचं जेमतेम नऊशे रुपयांचं सामान येईल. म्हणजे ती पेन्शन मीठ-मिरचीला, औषधाला आधार आहे. त्यावर अख्खं घर चालणार नाही.

मग तेच ५७७ रुपये स्वतः साठवले तर? पोस्टातल्या किंवा बँकेतल्या पीपीएफमध्ये एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के व्याज मिळत आलं आहे. तेच पुढेही राहिलं आणि तीस वर्षं न चुकता भरले तर पावणेसात ते सात लाख होतात. अटल पेन्शनमध्ये ५ हजारांच्या पेन्शनमागे साडेआठ लाखांची रक्कम धरलेली आहे. म्हणजे नुसत्या रकमेत पेन्शन पुढे आहे. पण पीपीएफ पंधरा वर्षांनी पूर्ण हातात येतं, पुढे पाच-पाच वर्षं वाढवता येतं, आणि सातव्या वर्षापासून थोडे काढता येतात. शिवाय पीपीएफ उघडायला चाळिशीची अट नाही.

स्वतःच्या बचतीचा शत्रू मात्र घरातच असतो. दीराचं लग्न, घराचा स्लॅब, मुलाची मोटारसायकल. हाताशी पैसा असला की त्याला पाय फुटतात. काही जण म्हणतात, “जुना ट्रक घेऊ, तीच आपली पेन्शन.” मैत्रिणींनो, ट्रक कमाईचं साधन आहे, पण त्याची किंमत दर वर्षी उतरते. हप्ते, टायर, विमा, फिटनेस सगळं आपल्या अंगावर. चालवणाराच थकला की ट्रकही उभा राहतो. गटातली बचतही म्हातारपणाची नाही. ती अंतर्गत कर्जात फिरती राहते आणि अडीनडीला कामाला येते. तिचं काम ती चोख करते, तिच्यावर दुसरं ओझं टाकू नका. आणि दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला तर उंबऱ्याच्या आतही घेऊ नका.

मग करायचं काय? फडताळात आपण जसे वेगवेगळे डबे ठेवतो, तसे पैशाचे तीन डबे करा. पहिला आजच्या अडचणीचा, तो म्हणजे गटाची बचत. दुसरा गाडी सुटल्यापासून साठीपर्यंतचा, तो पीपीएफचा किंवा पोस्टाच्या आरडीचा. तिसरा साठीनंतरचा, तो पेन्शनचा.

एक हिशोब सांगते, लिहून घ्या. ड्रायव्हर पस्तीस वर्षांचा आहे, पीएफ नाही, आणि गटाची बचत सोडून महिन्याला दीड हजार बाजूला पडतात. त्यातले ५४३ रुपये अटल पेन्शनला. साठीनंतर महिन्याला ३ हजार पक्के. उरलेले सुमारे ९५० पीपीएफमध्ये. आजच्या व्याजाने पंधरा वर्षांत साधारण तीन लाख होतात, आणि ते येतात बरोबर पन्नाशीला. गाडी चालू असेल तर ते तसेच वाढू द्या. गाडी सुटली तर दहा वर्षं महिन्याला अडीच हजार रुपये काढले तरी पुरतात, व्याज वेगळं. यात ऐश नाही, पण रात्रीच्या राखणीची वेळ येणार नाही.

वय चाळीसच्या पुढे गेलं असेल तर या दोन्ही पेन्शनची दारं बंद. तिथे पीएफ देणारा मालक शोधणं आणि पीपीएफ-आरडी वाढवणं हाच मार्ग. सरकारची श्रावणबाळ योजना आहे, पण ती ६५ वर्षांनंतर, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर, आणि महिन्याला दीड हजार. ती मिळाली तर घ्यावी, पण तिच्या भरवशावर बसू नये.

दोन छोटे विमेही याच्या जोडीला हवेत. वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे. रस्त्यावरच्या माणसाच्या घरात हे नसणं परवडत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं, पेन्शन फक्त त्यांच्याच नावाने कशाला? शेतात, गोठ्यात आपणही राबतो. तुमचं वय चाळीसच्या आत असेल तर तुमच्या नावाचं खातं वेगळं उघडा. दोघांची मिळून दोन पेन्शन होतात.

पुढच्या बैठकीला येताना हे करा. घरच्यांचं आणि स्वतःचं जन्मसाल आधार कार्डावरून लिहून आणा, म्हणजे चाळिशीला किती महिने उरले ते कळेल. पीएफ असेल तर यूएएन नंबर वहीत उतरवा. प्रत्येक पासबुकावर वारस म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. लग्नाआधीच्या खात्यांवर अजून सासूबाईंचं नाव निघतं. घरधनी खेपेवरून आले की आधी जेवू द्या, झोपू द्या, आणि मग शांतपणे हा विषय काढा. ज्यांचं चाळिसावं याच वर्षी लागतंय त्या घरांची यादी आपण आधी करू आणि त्यांना घेऊन बँकेत जाऊ.

येते मी. नमस्कार.