शरीरशास्त्र मैदानावर यावे



स्वागत समितीच्या वतीने वीर गावी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली. आपल्यापैकी बरेच जण आज त्याच मार्गाने आलात. महाडचे चवदार तळे, रायगड आणि उमरठची तानाजी मालुसऱ्यांची समाधी ही आमची दैवते. वेळ काढून तिथे जरूर जा.

खेळ, व्यायाम आणि मानवी शरीर असा आपल्या परिषदेचा विषय आहे. हा विषय शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचा, तो वीरला कशाला, असे काहींनी विचारले. त्याचे उत्तर याच महाड तालुक्यात आहे. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि लेकरे दगावत होती. डॉक्टरांनी रुग्णाच्या उशाशी बसून ओकारी, घाम, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब हे सारे टिपून ठेवले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय हरते, हे ओळखून त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले. त्याने असंख्य जीव वाचले. शरीराचे काम कसे चालते हे पाहायला बिरवाडी पुरली, तर वीरचे मैदान का पुरणार नाही?

आमच्या रायगड जिल्ह्याचा जीव कबड्डीत आहे. एक चढाई तीस सेकंदांची असते. पहिली झेप स्नायूंत साठलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर चालते. तो साठा दहाएक सेकंदांत ओसरतो आणि मग स्नायू ग्लुकोज प्राणवायूवाचून फोडू लागतात. त्यात तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ चालू, म्हणजे श्वास बाहेरच जातो आहे. छाती फुटेल असे वाटते ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. परतलेल्या चढाईपटूचा साठा निम्मा भरायला सुमारे अर्धे मिनिट लागते, पुरता भरायला तीन-चार मिनिटे. हे ठाऊक असलेला प्रशिक्षक एकाच पोराला लागोपाठ चढाईला पाठवताना दहादा विचार करील. सरावातही तो मैदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारून घेणार नाही. छोट्या जोरकस धावा घेईल आणि मधली विश्रांती घड्याळ लावून देईल.

पकडीत घोटा धरला जातो. पाऊल जमिनीला खिळते, मांडी मात्र वळते. त्या क्षणी गुडघ्यातला एसीएल हा बंध तुटू शकतो. ‘कट्‌’ असा आवाज, काही तासांत आलेली सूज आणि पाय टेकताच गुडघा निसटल्यासारखा वाटणे, या त्याच्या खुणा. ‘लचकलाय, तेल लावून चोळ’ म्हणत पोराला तसेच पुन्हा उतरवले, की आतली गादीही फाटू शकते आणि त्याचा खेळ कायमचा संपू शकतो. या खुणा ओळखणारा शिक्षक त्याला वेळेत तज्ज्ञाकडे पाठवील.

रायगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत अंगाचा भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी टिपेला पोचते. तो स्नायू सावरला, की पुढच्या खेपेला तितका दुखत नाही. सरावाचा भार हळूहळू का वाढवायचा, याचा हा धडा आमच्या मुलांना गडाच्या पायऱ्यांवर शिकवता येईल.

आमची हवा दमट. घाम वाळला तरच अंग गार होते, इथे तो नुसता वाहतो. म्हणून मे महिन्यात भर दुपारी सामने ठेवू नयेत. खेळता खेळता मूल भलतेच बोलू लागले, त्याचा तोल जाऊ लागला, तर आधी त्याला गार पाण्यात ठेवा, अंगावर पाणी ओता, आणि मग गाडी काढा. त्या घटकेला एकेक मिनिट मोलाचे असते.

मुलींविषयी विशेष आग्रहाने बोलतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. ‘हिच्यात दम नाही’ म्हणून एखादीला संघातून वगळण्याआधी तिचे रक्त तपासा. लोहाच्या गोळ्या आणि पोटभर सकस जेवण मिळाले, तर तीच मुलगी सामना जिंकून देईल.

हे ज्ञान मराठीत आणणारी मोठी माणसे आपल्याकडे होऊन गेली. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेले. तीच वाट आपल्याला पुढे न्यायची आहे.

म्हणून यजमान या नात्याने माझ्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लावता येईल असा पंधरा मिनिटांच्या पूर्वतयारीचा तक्ता सोप्या मराठीत तयार करा. उन्हातल्या स्पर्धांसाठी वेळ, पाणी आणि सावली यांचे नियम ठरवा. वर्षातून एकदा प्रत्येक खेळाडू मुलीचे हिमोग्लोबिन तपासले जावे, असा ठराव संमत करा. या तिन्ही गोष्टींना मोठी इमारत लागत नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत. माहीतगार शिक्षक लागतो, आणि तो या सभागृहात बसला आहे.

आमच्या पाहुणचारात काही उणे राहिले, तर हक्काने सांगा. परिषदेला मनापासून शुभेच्छा देतो आणि आपणा सर्वांचे पुन्हा एकदा स्वागत करतो.