‘लोक कसे आहेत इथे?’



तीन वर्षांपूर्वी मी लेकीकडे शिकागोला गेले होते. लेक-जावई तेव्हा घर शोधत होते. शनिवार-रविवार आला की आम्ही सगळे गाडीत बसायचो आणि घरं बघत हिंडायचो. एका घराचं स्वयंपाकघर माझ्या मनात भरलं. ओट्यासमोर मोठी खिडकी, खिडकीबाहेर मेपलचं झाड. मी लेकीला मराठीत म्हटलं, "विचार गं त्यांना, आजूबाजूला लोक कसे आहेत?"

लेकीनं जरा अडखळतच विचारलं. एजंट बाई तोवर भरभरून बोलत होत्या. छप्पर कधी बदललं, तळघरात पाणी येतं का, घरपट्टी किती. या प्रश्नावर मात्र त्या थांबल्या. म्हणाल्या, "याचं उत्तर मी देऊ शकत नाही, कायद्यानं मनाई आहे. तुम्ही सकाळी या, संध्याकाळी या, या रस्त्यावरून चाला आणि स्वतः बघा."

मला ते तुटक वाटलं. आपल्याकडे एजंट आपण न विचारताच सांगतो, "ताई, सगळी आपलीच माणसं आहेत सोसायटीत." त्या वाक्यानं आपल्याला किती बरं वाटतं, हे मला त्या परक्या स्वयंपाकघरात उभं असताना पहिल्यांदा जाणवलं. आणि मग मी या विषयाच्या मागेच लागले.

गिऱ्हाइकाचा वर्ण बघून त्याला ठरावीक वस्तीकडे वळवायचं, याला तिथं ‘स्टिअरिंग’ म्हणतात. गोऱ्या कुटुंबाला एका बाजूची घरं दाखवायची, काळ्या कुटुंबाला दुसऱ्या बाजूची. आवाज चढवायचा नाही, कुणाला नाही म्हणायचं नाही, फक्त गाडी वळवायची. 1968 च्या ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’नं हे बेकायदा ठरवलं. पण गाडी वळवायची सवय त्याआधी कागदावर पक्की झाली होती, आणि त्यात सरकारचाही हात होता.

1933 मध्ये मंदीच्या काळात घरमालकांना सावरण्यासाठी अमेरिकी सरकारनं एक कर्जसंस्था काढली. तिनं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा रंग उत्तम वस्तीचा, मग निळा, मग पिवळा. धोक्याची वस्ती लाल. जिथं काळे लोक राहत तो भाग जवळजवळ हमखास लाल. पुढच्याच वर्षी गृहकर्जाला सरकारी हमी देणारं खातं सुरू झालं. लांब मुदतीचं, हलक्या हप्त्याचं कर्ज सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं ते या हमीमुळे. आणि वस्तीत वर्णांची सरमिसळ होऊ देऊ नये, अशी सूचना त्या खात्याच्या नियमपुस्तिकेतच होती. म्हणजे गोऱ्या गवंड्याला घर घेता येई आणि तेवढीच मजुरी मिळवणाऱ्या काळ्या गवंड्याला बँकेच्या दारातून परत यावं लागे.

लेकीच्या एका मैत्रिणीनं मला तिच्या घराचे जुने दस्त दाखवले. पिवळा पडलेला, टंकलेखन केलेला कागद. त्यात एक कलम होतं: कॉकेशियन वंशाखेरीज कुणालाही ही जागा विकू नये, भाड्यानं देऊ नये, वापरायला देऊ नये. आणि त्याच्या खाली अपवाद : घरातले नोकर, झाडलोट करणारे, गाडी चालवणारे यांना हे लागू नाही. मी तो कागद दोनदा वाचला. धुणीभांडी करायला आत या, राहायला नको. हे वाक्य वाचायला मला शब्दकोश लागला नाही. हे मी मराठीत लहानपणापासून ऐकलेलं आहे.

अशी कलमं न्यायालयं राबवू शकत नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1948 मध्ये दिला. कागदावर मात्र ती अनेक ठिकाणी अजून तशीच आहेत.

बँक कर्ज देत नाही म्हटल्यावर शिकागोत दलालांचं फावलं. ते काळ्या कुटुंबांना हप्त्यानं घर विकत, आणि खरेदीखत होई ते शेवटचा हप्ता भरल्यावरच. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि तोवर भरलेले पैसेही गेले. ही घरं दलाल मिळवत कशी? गोऱ्यांच्या वस्तीत भीती पसरवून. एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी घेऊन रस्त्यावरून नुसतं फिरायला लावायचं. ‘ते लोक आले, भाव पडणार,’ म्हणत माणसं मिळेल त्या किमतीला घर विकून निघून जात, आणि तेच घर दुप्पट भावानं काळ्या कुटुंबाच्या गळ्यात पडे. शहराच्या पश्चिमेचा ऑस्टिन हा भाग 1960 मध्ये जवळजवळ पूर्ण गोरा होता. वीस वर्षांत तिथं काळ्यांची बहुसंख्या झाली.

या सगळ्याविरुद्ध लढायला मार्टिन ल्यूथर किंग 1966 च्या जानेवारीत शिकागोच्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत राहायला गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्केट (Marquette) पार्कच्या मोर्चात त्यांना दगड लागला. 4 एप्रिल 1968 ला त्यांची हत्या झाली. घरांचा कायदा तोवर रखडला होता. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली 11 एप्रिलला. त्या एजंट बाई माझ्या प्रश्नावर गप्प बसल्या, त्या गप्प बसण्यामागे एवढं सगळं होतं.

आता ओक पार्कबद्दल सांगते. ऑस्टिनला लागूनच हे गाव. मधे फक्त एक रस्ता, ऑस्टिन बुलेवार्ड. 1950 मध्ये पर्सी ज्युलियन या काळ्या रसायनशास्त्रज्ञानं इथल्या ईस्ट अ‍ॅव्हेन्यूवर घर घेतलं. सोयाबीनपासून संप्रेरकं बनवण्याच्या त्यांच्या कामानं औषधं स्वस्त झाली, असंख्य रुग्णांना आराम पडला. पण कुटुंब राहायला येण्याआधीच त्या घराला आग लावायचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकला. एवढा मोठा शास्त्रज्ञ रात्री बंदूक घेऊन स्वतःच्या अंगणात पहारा देत होता. ज्युलियन हलले नाहीत.

रस्त्यापलीकडे ऑस्टिन बदलू लागलं तेव्हा ओक पार्कचे गोरेही पळाले असते. ते पळाले नाहीत, आणि हे आपोआप घडलेलं नाही. 1968 मध्येच गावानं स्वतःचा समान घरहक्काचा नियम केला. 1972 मध्ये रॉबर्टा रेमंड या बाईंनी एक केंद्र काढलं. घर शोधायला आलेल्या माणसाला त्याच्या मनात नसलेला भागही हे केंद्र दाखवी. गोऱ्यांना ऑस्टिनच्या बाजूची घरं, काळ्यांना गावाच्या आतली. घाबरून विक्री वाढू नये म्हणून ‘विकणे आहे’ची पाटी लावायला बंदी आली. घराचा भाव पडलाच तर भरपाई देणारी योजनाही 1978 मध्ये आली. हेही गाडी वळवणंच नाही का, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आजही घेतात. तो आक्षेप पोकळ नाही. पण वर्षानुवर्षं एका बाजूला वळवलेली गाडी नुसतं चाक सोडून दिल्यानं सरळ होत नाही, असं मला तिथले रस्ते पायी फिरल्यावर वाटलं.

‘लोक कसे आहेत?’ हा प्रश्न आपली मंडळी तिकडे उघड विचारत नाहीत. ती विचारतात, "शाळेला दहापैकी किती गुण?" तिथं सरकारी शाळेचा पैसा मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून येतो. महागड्या घरांच्या गावात शाळा श्रीमंत. म्हणजे दहापैकी नऊ हा आकडा पुष्कळदा त्या जुन्या रंगीत नकाशाचाच नातू असतो.

आणि आपण तिथं पोचलो कसे? 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही. त्या पिवळ्या दस्तातलं कलम माझ्या लेकीलाही लागू पडलं असतं. नागरी हक्कांच्या लढ्यात काळ्या माणसांनी तुरुंग भोगले, मार खाल्ला. त्या लढ्याच्या रेट्यात 1965 चा स्थलांतराचा कायदा झाला आणि मराठी इंजिनियरांना दार उघडलं. त्या दारातून आत गेल्यावर ‘इथं काळे किती?’ असं कुजबुजायचं, हे मला सोसत नाही.

आणि हे फक्त तिकडचं नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना 1917 मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पथिकाश्रमात राहिले, तर काठ्या घेतलेली माणसं दारात आली. राज्याचा अधिकारी असलेला तो तरुण सामान बाहेर काढून बागेत बसून राहिला. हा इतिहास ज्या भाषेत घरोघरी माहीत आहे, त्या भाषेतच मी तो प्रश्न विचारला होता.

लेकीनं शेवटी घर घेतलं ते ओक पार्कच्या दक्षिण भागात, ऑस्टिन बुलेवार्डपासून दहा मिनिटांच्या चालीवर. मेपल नाही, ओटाही लहान आहे. गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा गेले, तेव्हा नात मला तिची पुढची शाळा दाखवायला घेऊन गेली. दारावर नाव आहे : पर्सी ज्युलियन मिडल स्कूल. ते कोण, हे मी तिला सांगितलं, आगीबद्दलही सांगितलं. ती थोडा वेळ पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आजी, त्यांना इथं राहूच द्यायचं नव्हतं, तर मग शाळेला त्यांचं नाव कसं?"

मी म्हटलं, "मधली गोष्ट मोठी आहे. चल, त्या पायरीवर बसू."