पोलीस चौकशी आणि आपण



सन २०२४ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारच्या मारामारीचे साक्षीदार म्हणून एका हवालदाराच्या तोंडी निरोपावर आम्ही ठाण्यात गेलो. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसून राहिलो, आणि अखेर जबाब न वाचताच खाली सही करून आलो. ज्याने जन्मभर मुलांना नागरिकशास्त्र शिकविले, त्याची ही कथा!

पुढे वकिली करणाऱ्या भाच्याने कायदा उघडून दाखविला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ अन्वये साक्षीदारास बोलावणे ते लेखी हुकुमानेच. त्यातही स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुलगे, साठीपुढील पुरुष, अपंग व फार आजारी माणसे यांना ठाण्यात येण्याची सक्ती नाही. त्यांचा जबाब राहत्या घरी घ्यावा. कलम १८१ प्रमाणे त्या जबाबावर सही घ्यावयाचीच नसते. खरे सांगणे मात्र बंधनकारक आहे. केवळ ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात गुंतू, ते देण्याचे बंधन नाही.

२०२५ च्या जानेवारीत पुन्हा निरोप आला. "लेखी हुकूम आणावा, आम्ही घरीच आहोत," एवढेच आम्ही नम्रपणे म्हटले. आवाज थोडा कापलाच. दुसऱ्या दिवशी फौजदार स्वतः घरी आले, चहा घेतला, पाऊण तासात काम उरकले. सही कोणी मागितली नाही.