तांब्याच्या पट्टीची गाळणी



घरांतील गाळणींत चहाची पूड अडकते व चहा खालीं उतरतो. आज जिच्याविषयीं बोलावयाचें आहे, त्या गाळणींत मात्र कांहींच अडकून राहत नाहीं. मंद आंदोलनांच्या लहरींना ती वाट देते आणि द्रुत आंदोलनांच्या लहरींना आल्या वाटेनें परत धाडते. अमेरिकेंत कॅम्बेल आणि जर्मनींत वाग्नर यांनीं १९१५ च्या सुमारास, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, तारेचीं वेटोळीं व कंडेन्सर यांच्या सांखळीनें ही युक्ति साधली.

तिची गरज कां पडते? कोणताहि प्रक्षेपक मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट आंदोलनांच्या लहरीहि थोड्याबहुत बाहेर टाकतो. २४०० ते २५०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४० ते २५० कोटी आंदोलनें, हा पट्टा आज घरोघरच्या उपकरणांनीं गजबजलेला आहे. त्याची दुप्पट ४८०० ते ५००० होते. आणि त्यांतील ४९९० ते ५००० एवढा भाग आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण लहरी टिपणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठीं राखलेला आहे. आमच्या घरांतला गलका तेथें पोंचला, तर दूरच्या तेजोमेघाची चाहूल त्यांना कशी लागावी?

इतक्या द्रुत आंदोलनांपुढें सुटें वेटोळें दगा देतें. त्याचे शेजारशेजारचे वेढेच कंडेन्सरासारखे वागूं लागतात. म्हणून काचतंतूंच्या फळीच्या तळाशीं तांब्याचा सलग थर व माथ्यावर तांब्याची पट्टी, एवढ्यावरच काम भागवितात. अशा पट्टीची माहिती ग्रीग आणि एंगेलमन यांनीं १९५२ सालीं प्रसिद्ध केली. पट्टी अरुंद केली तर ती वेटोळ्याचें काम करते, रुंद केली तर कंडेन्सराचें. अरुंद, रुंद, पुन्हां अरुंद असे आंखूड तुकडे जोडले कीं गाळणी तयार!

नव्या रचनाकाराला मोह पडतो तो आटोपशीरपणाचा. अरुंद तुकडे अधिक अरुंद व रुंद तुकडे अधिक रुंद केले, तर सर्वांचीच लांबी घटते. पण तांबें किती बारीक कोरतां येतें यास सीमा आहे. आणि फार रुंद तुकड्यांत लहर आडव्या दिशेनें उभी राहते. शिवाय हे तुकडे आंखूड ठरतात ते मंद लहरींच्या मानानें. आंदोलनें वाढलीं, लहरीची लांबी घटली, कीं तोच तुकडा लांब ठरतो आणि लावून घेतलेलें दार पुढें कोठें तरी पुन्हां उघडतें. गाळणी किती चिमुकली यापेक्षां तें दार किती दूरवर बंद राहतें, हें मी आधीं पाहीन.

यावर उपाय आहे. मुख्य पट्टीच्या कडेस, टोंक मोकळें ठेवून, तांब्याचाच एक बोळ काढावा. नकोशा लहरीच्या लांबीच्या चतुर्थांशाएवढा बोळ असला, कीं त्या लहरीपुरती वाट जणूं तळच्या थराला जोडली जाते व ती मागें फिरते. ४९०० मेगाहर्ट्झची लहर हवेंत सुमारें सहा सेंटिमीटर लांब असते. काचतंतूंच्या फळीवर ती साडेतीन सेंटिमीटरांच्या आंत येते. म्हणजे बोळ भरला सुमारें साडेआठ मिलिमीटर. ९८०० ला मात्र तोच बोळ अर्ध्या लहरीएवढा होतो आणि असून नसल्यासारखा! तेथें निम्म्या लांबीचा दुसरा बोळ हवा. पण दोन बोळ फार जवळ आणले, तर ते आपसांत कुजबुजूं लागतात व दोघांचेंहि गणित बिघडतें. एक बारकावा राहिला. बोळाच्या मोकळ्या टोंकाबाहेरहि विद्युत्क्षेत्र थोडें सांडतें, त्यामुळें लहरीला तो मोजमापाहून लांब भासतो; म्हणून गणितानें आलेल्या लांबीहून तो किंचित् आंखूडच कोरतात.