गाठ औषधाला दाद देईल काय?

फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढली, तरी पुष्कळदा डॉक्टर म्हणतात, आता शिरेतून औषध द्यायचे. ओकाऱ्या होतात, अन्न जात नाही, हंगामाची कामे खोळंबतात. मग घरची माणसे विचारतात, "डॉक्टरसाहेब, एवढे सोसून गुण येईल ना?" याचे उत्तर त्या गाठीतच सापडेल का, हे शास्त्रज्ञांनी शोधून पाहिले. त्यातली एक हकिकत सांगतो.

सिसप्लॅटिन हे यातले एक प्रमुख औषध. त्यात प्लॅटिनम धातू असतो. पेशीतल्या डीएनएच्या धाग्याचे पदर ते जखडून टाकते आणि पेशी मरते. पण पेशी काही गप्प बसत नाही. धागा दुरुस्त करणारी प्रथिने तिच्यापाशी असतात, त्यांतले एक ईआरसीसी-१. त्याचे जनुक प्रत्येक पेशीत असते खरे. पण पुस्तक सगळ्या मुलांजवळ असले म्हणून सगळी सारखीच वाचतात काय? हे गुरुजींना सांगायला नको! जनुकाचे वाचन जिथे जास्त, तिथे प्रथिनही जास्त.

२००६ साली ७६१ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. ज्यांत हे प्रथिन दिसले नाही, त्या रुग्णांना सिसप्लॅटिनचा लाभ झाला. ज्यांत दिसले, त्यांना तसा लाभ आढळला नाही. आणि गंमत पाहा, औषध न घेतलेल्यांत मात्र हे प्रथिन असलेलेच अधिक काळ जगले. दुरुस्ती करणारा गडी एरवी उपकारक, औषधापुढे तोच आडवा!

पुष्कळांना वाटले, आता चाचणी हाती आली. पण २०१३ साली दुसऱ्या रुग्णांच्या गाठींवर तोच पडताळा येईना. जुन्याच गाठी पुन्हा तपासल्या, तर निकालही पहिल्यासारखे येईनात. ईआरसीसी-१ ची चार रूपे. दुरुस्तीचे पुरे काम त्यांतले एकच करते. १६ निरनिराळी प्रतिपिंडे वापरून पाहिली, पण एकालाही ती रूपे वेगळी ओळखता आली नाहीत. कामाचा गडी आणि नुसता उभा असलेला, दोघांचीही हजेरी लागत होती.

तेव्हा निव्वळ या तपासणीवरून कुणी 'औषध नको' म्हणाले, तर कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपचार सोडू नका. ईजीएफआरची तपासणी निराळी. तीत जनुकाच्या अक्षरांतच फरक पडला आहे का, ते पाहतात. विशिष्ट फरक आढळला तर जेफिटिनिबसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. कागदावर यांपैकी कोणते नाव आहे, ते आधी वाचून घ्या.