यंत्र घ्यायचे की घडवायचे?



यंदा गुणवंत विद्यार्थ्यांना टॅब द्यावेत, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. टॅबला आमचा विरोध नाही. २०२० च्या टाळेबंदीत मोबाईल हीच आपल्या मुलांची शाळा होती. पण हप्त्यावर घेतलेला मोबाईल हप्ते फिटण्याआधीच जुना ठरतो, हे आम्ही बँकेतली माणसे नेहमी पाहतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला शक्तिशाली क्रे महासंगणक नाकारला. पैसे असूनही वस्तू मिळेना! तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्यात अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून एकच काम सर्वांत वाटून दिले होते. (संघटनेचे बळ यंत्रालाही कळते म्हणायचे!) पुढे २०१५ मध्ये महासंगणकांसाठी ४,५०० कोटींची आणि २०२३ मध्ये क्वांटम संशोधनासाठी सुमारे ६,००० कोटींची योजना मंजूर झाली.

या प्रयोगशाळांत आपली मुले किती असतील? बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीने माणूस घडतो. टॅबवर बहुधा सिनेमे पाहिले जातात.

तेव्हा टॅबच्या रकमेतून एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींची गेट-नेट परीक्षांची फी मंडळाने भरावी आणि विहारात दर रविवारी गणिताचा वर्ग सुरू करावा, अशी आमची विनंती आहे. शिकवायला दोन निवृत्त शिक्षक तयार आहेत. फळा तेवढा हवा.