आफ्रिकेचे ऐक्य : घोषणेकडून व्यवहाराकडे



आफ्रिकेचा नकाशा उघडा. कित्येक सरहद्दी पट्टीने आखल्यासारख्या सरळ दिसतील. युरोपीय सत्तांनी त्या आपल्या सोयीने ओढल्या. स्वातंत्र्य आले, पण रेषा राहिल्या. मग एकत्र यायचे कसे?

२५ मे १९६३ रोजी आदिस अबाबा येथे ३२ देशांनी आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन केली. रेषा पुसू गेल्यास भांडणे पेटतील, हे ओळखून पुढच्याच वर्षी कैरो येथे त्या मान्य करण्यात आल्या. दुसऱ्याच्या कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हाही दंडक होता. परंतु १९९४ साली रवांडात लाखो माणसे मारली गेली आणि तो दंडक अपुरा ठरला. २००२ साली संघटनेच्या जागी आफ्रिकी संघ आला. आज त्याचे ५५ सदस्य आहेत. वंशसंहार होत असेल तर हस्तक्षेप करण्याचा अधिकार त्याच्या घटनेतच आहे.

आर्थिक ऐक्याच्या पायऱ्या १९९१ च्या अबुजा कराराने ठरविल्या : प्रथम खुला व्यापार, नंतर समान जकात, मग सामाईक बाजारपेठ, अखेर एक चलन. खुल्या व्यापाराचा खंडव्यापी करार २०१८ साली किगाली येथे झाला. १ जानेवारी २०२१ पासून त्याखाली व्यापार सुरू झाला. म्हणजे वाट अजून बरीच आहे. काही सदस्यांची वर्गणी थकते. वसाहतकाळातील अनेक लोहमार्ग खाणीतून बंदराकडे जातात, शेजाऱ्याकडे नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, ऐक्य नुसत्या ठरावाने येत नाही. प्रत्येकाला आपल्या अधिकाराचा थोडा वाटा सामाईक कामासाठी सोडावा लागतो. हे सोडणेच सर्वांत कठीण, आणि खरे काम तेथूनच सुरू होते.